सर्व्हर डाऊन नव्हता, लॅपटॉप डाऊन होता

पोस्ट मोठी आहे, सवडीनं वाचा. विषय लॅपटॉपचा आहे, पण ज्यांच्या घरात लॅपटॉप नाही त्यांनी तर जरूर वाचा, कारण हेलपाटे त्यांनाच जास्त पडतात.

मी रांजणगाव एमआयडीसीत एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. चौदा वर्षं झाली. मशीन बंद पडलं की चालू करायचं, आणि खरं म्हणजे बंद पडूच द्यायचं नाही, हे माझं काम. कॉम्प्युटरचं शिक्षण म्हणाल तर एमएस-सीआयटीचं एक सर्टिफिकेट, तेही घरात कुठल्या पिशवीत आहे ते बायकोलाच ठाऊक. पण गावात कुणाचा लॅपटॉप रडायला लागला की फोन मला येतो. "तू एमआयडीसीत असतो ना, बघ की जरा." असं करत करत पाच-सहा वर्षांत पंचवीस-तीस तरी उघडून बसवले असतील. त्यातून जे कळलं ते, आणि गेल्या जूनमध्ये डोळ्यांनी जे बघितलं ते, दोन्ही मिळून हे लिहितोय.

आमच्या दाजींचं गाव दौंड तालुक्यात, भीमेच्या काठाला. न्हावऱ्यावरून चौफुल्याच्या रस्त्यानं गेलं की पूल ओलांडून पलीकडे. भाचीची बारावी झाली, पुण्याला ॲडमिशन मिळालं. फी सवलतीसाठी उत्पन्नाचा दाखला हवा होता. त्या कामासाठी दाजी एका सरकारी कार्यालयात दोनदा जाऊन आले. कुठलं कार्यालय ते लिहीत नाही, कारण चूक तिथल्या माणसाची नव्हती, ते पुढे कळेलच. दोन्ही वेळा उत्तर एकच, "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या." दाजींचे दोन दिवस गेले, गड्याचे दोन हजेऱ्या अंगावर पडल्या. तिसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि सोबत गेलो. म्हटलं बघू तरी हा सर्व्हर कसा दिसतो.

बाकड्यावर माझ्यासकट सतरा माणसं होती. मोजली, कारण दुसरं काही करायला नव्हतंच. दोन म्हाताऱ्या, एक लेकुरवाळी, बाकी आमच्यासारखे. भाऊसाहेब वेळेवर आले होते, हे मुद्दाम सांगतो. त्यांनी लॅपटॉप चालू केला. लॅपटॉप म्हणजे काय, बिजागरीला चिकटपट्टी, चार्जरच्या वायरीला चिकटपट्टी, कीबोर्डची दोन बटणं गायब. कंपनीचं चिन्ह आलं, गोल फिरायला लागलं. फिरतंय, फिरतंय. मी मोबाईलवर घड्याळ लावलं. पासवर्ड टाकायची जागा यायला साडेसहा मिनिटं. ब्राउझर उघडायला आणखी चार. मग पांढरा पडदा. भाऊसाहेबांनी आमच्याकडे वळून हात पसरले, "बघा, सर्व्हरच नाही."

मी मेंटेनन्सचा माणूस. मशीन बघण्याआधी ऐकायची सवय. त्या लॅपटॉपच्या पोटातून आवाज येत होता. कर्र, टक्, कर्र, टक्. हार्डडिस्क जिवाच्या आकांतानं फिरत होती. मी आपल्या मोबाईलवर तेच सरकारी पान उघडलं. दहा सेकंदांत समोर. म्हणजे सर्व्हर जागा होता, बिचारा वाट बघत होता. झोपलेलं होतं ते टेबलावरचं यंत्र.

मी हळूच म्हटलं, "भाऊसाहेब, जरा कॅल्क्युलेटर उघडून बघता का?" त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय. पण त्यांनी उघडला. दीड मिनिट लागलं. कॅल्क्युलेटरला कुठला सर्व्हर लागतो, सांगा? तो तर त्याच मशीनमध्ये असतो.

तेव्हा ते माणूस मोकळं झालं. म्हणाले, "साहेब, मला काय हौस आहे का लोकांच्या शिव्या खायची? तीन वेळा लिहून दिलंय वर. प्रिंटरची शाई माझ्या खिशातून, इंटरनेट माझ्या मोबाईलचं. आता हे बिघडलं आणि मी बाहेर दुरुस्तीला टाकलं, त्यात काही झालं, तर वसुली माझ्याच पगारातून निघायची." मी म्हटलं मी बघू का. ते म्हणाले, "तुम्हाला हात लावू देता येत नाही. सरकारी मशीन आहे, लोकांची कागदपत्रं आहेत." आणि ते बरोबर होतं. अनोळखी माणसाला सरकारी लॅपटॉप उघडू देणारा अधिकारी असेल तर मीच त्याची तक्रार करीन.

त्या दिवशीही काम झालं नाही. निघायला अंधार पडला. दोन्ही तालुक्यांत उसाच्या पट्ट्यात बिबट्याची काय भीती आहे ते तुम्हाला सांगायला नको. दाजींना सोडून पुलावरून एकटा परत येताना मोटारसायकलचा हॉर्न दाबतच आलो. चौथ्या हेलपाट्याला काम झालं, पण तोवर कॉलेजची तारीख गेली होती. दाजींनी उसनवारी करून पूर्ण फी भरली. सवलतीचे पैसे नंतर मिळतील म्हणे. मिळतीलही. पण उसने घेतलेल्याला 'नंतर' चालत नाही.

आता योगायोग बघा. त्याच आठवड्यात भाचीनं स्वतःचा लॅपटॉप माझ्यासमोर आणून ठेवला. कॉलेजसाठी म्हणून दाजींनी जुन्या बाजारातून घेतलेला, 2017 चा. "मामा, हा लईच हळूय. दुकानवाला म्हणतो प्रोसेसर जुना झाला, नवीन घ्या, 42 हजार." मी चालू केला आणि कानाला लावला. कर्र, टक्.

'लॅपटॉप हळू चालतो' हे म्हणजे डॉक्टरला 'बरं वाटत नाही' सांगण्यासारखं आहे. कुठं दुखतंय ते आधी शोधायचं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडतो. त्यात सीपीयू, मेमरी, डिस्क, नेटवर्क असे रकाने असतात आणि समोर टक्के. काहीही न करता पाच मिनिटं नुसतं बघत बसा. जो रकाना लाल होऊन शंभराला चिकटलाय, दुखणं तिथं. भाचीच्या लॅपटॉपचा सीपीयू 12 टक्के. म्हणजे दुकानवाल्यानं ज्याला म्हातारा ठरवला तो प्रोसेसर आरामात बसला होता. मेमरी 80 च्या वर. आणि डिस्क? 100. पंधरा मिनिटं झाली तरी 100.

जुन्या लॅपटॉपमधली हार्डडिस्क म्हणजे एक गोल तबकडी, मिनिटाला 5400 फेरे मारणारी, आणि तिच्यावर पुढंमागं हलणारा एक बारीक हात. लॅपटॉप चालू होताना हजारो बारक्या फायली वाचायच्या असतात, त्या तबकडीवर विखुरलेल्या. हात इकडून तिकडे पळत राहतो. सेकंदाला शंभरेक वेळा वाचून होतं, त्याच्या पुढं त्याची ताकद नाही. एसएसडी नावाचा जो नवा प्रकार आहे त्यात फिरणारं, हलणारं काहीच नाही. तो तेच काम सेकंदाला हजारो वेळा करतो. जुना लॅपटॉप नव्यासारखा वाटायला लागतो तो बहुतेक वेळा याच एका बदलानं. प्रोसेसर तोच, स्क्रीन तीच.

पण पैसे खर्च करण्याआधी फुकटातलं करून घ्यायचं असतं. टास्क मॅनेजरमध्येच 'स्टार्टअप' म्हणून भाग आहे. लॅपटॉप चालू झाला की आपोआप कोण कोण उठून बसतं त्याची ती यादी. भाचीच्या लॅपटॉपवर चौदा जण उठत होते. त्यात आधीच्या मालकाचे दोन अँटिव्हायरस, दोघं एकमेकांवरच संशय घेत बसलेले. एक काढला, विंडोजचा स्वतःचा पुरे असतो. सी ड्राईव्हवर जेमतेम तीन जीबी जागा शिल्लक, कारण आधीच्या मालकाच्या घरातलं अख्खं लग्न त्यात होतं, हळदीपासून. ते त्याला विचारून काढलं. एवढ्यानं नऊ मिनिटांची सहा मिनिटं झाली. ठीक, पण सहा मिनिटं म्हणजेही काय राव.

मग पाठ उघडली. पंख्याच्या जाळीवर राखाडी थर, बोटानं सोलून निघेल असा. आधीचा मालकही भीमेकाठचाच, गुऱ्हाळाशेजारी राहणारा. चिपाड जाळल्यावर जी राख आणि काजळी उडते ती घरातल्या भांड्यांवर बसते तशी यातही बसली होती. हवा बाहेर जायला वाट नाही, मग प्रोसेसर तापतो, आणि तापला की स्वतःला जाळून घेऊ नये म्हणून तो आपला वेग स्वतःच कमी करतो. केडगाव, राहू, पारगाव पट्ट्यातल्या लोकांनी वर्षातून एकदा तरी पंखा साफ करून घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. आणखी एक गोष्ट, जी मला स्वतःला उशिरा कळली. काही कंपन्यांच्या लॅपटॉपला डुप्लिकेट चार्जर लावला आणि लॅपटॉपनं तो ओळखला नाही, तर तो मुद्दाम हळू चालतो. माणूस विंडोज चार वेळा टाकतो, आणि दुखणं असतं तीनशे रुपयांच्या चार्जरमध्ये.

256 जीबीची एसएसडी तेव्हा 1,700 ला मिळाली, आणि 4 जीबी रॅमची जुनी पट्टी 900 ला. (आता भाव चढलेत, विशेषतः रॅमचे, आधी चौकशी करा.) आधी सगळे फोटो-कागद दुसरीकडे उतरवून घेतले, मगच पेचकस हातात घेतला. ही शिस्त पाळा. कर्र-टक् करणारी हार्डडिस्क कधी डोळे मिटेल सांगता येत नाही. संध्याकाळी लॅपटॉप 25 सेकंदांत चालू झाला. भाचीनं तीनदा बंद करून चालू करून बघितला, खात्री पटेना. खर्च 2,600 रुपये आणि माझा एक रविवार.

दाजी तिथंच बसले होते. त्यांनी एकच विचारलं, "मग त्या भाऊसाहेबाच्या लॅपटॉपला का न्हाय बसवत हे?"

मला उत्तर आलं नाही. तेव्हापासून तो प्रश्न डोक्यात आहे आणि ही पोस्ट त्याच्यावरच आहे.

आमच्या कंपनीत प्रत्येक मशीनला एक कार्ड लटकवलेलं असतं. शेवटचं सर्व्हिसिंग कधी झालं, पुढचं कधी, काय बदललं, सही कुणाची. मशीन वीस मिनिटं थांबलं तर दुसऱ्या दिवशी सकाळच्या मीटिंगमध्ये विचारणा होते, का थांबलं. कारण त्या वीस मिनिटांचे पैसे कंपनीच्या खिशातून जातात. सरकारी टेबलावरचा लॅपटॉप रोज तासभर थांबतो आणि त्याची नोंद कुठल्याच वहीत होत नाही. कारण त्या तासाचे पैसे सरकारच्या खिशातून जात नाहीत. ते बाकड्यावर बसलेल्यांच्या खिशातून जातात. हिशेब करा. त्या दिवशी आम्ही सतरा जण होतो. माणशी 400 रुपये मजुरी धरली, जी कमीच आहे, तरी 6,800 रुपये झाले. एका दिवसात, एका बाकड्यावर. तेवढ्यात चार एसएसडी आल्या असत्या. पण हे 6,800 कुठल्याच बजेटमध्ये दिसत नाहीत, आणि 1,700 ची मागणी मात्र लगेच दिसते.

खरेदीला आपल्याकडे अडचण नसते. खरेदीचं टेंडर निघतं, वाटपाचा कार्यक्रम होतो, फोटो येतात. एसएसडी बसवल्याचं उद्घाटन कोण करणार? ऑगस्ट 2021 मध्ये काय झालं आठवा. राज्यभरातल्या अंगणवाडी ताईंनी सरकारनं दिलेले मोबाईल परत नेऊन दिले. दोन वर्षांपूर्वीच वाटलेले फोन, दोन जीबी रॅमचे. पोषण ट्रॅकर त्यांना पेलवेना, गरम व्हायचे, बंद पडायचे, आणि दुरुस्तीचा खर्च ताईंच्याच माथी. तेव्हा पुष्कळांनी नाकं मुरडली, की यांना काम करायला नको. मी तेव्हाही म्हटलं होतं, आजही म्हणतो, मशीन पेलत नसलेलं काम माणसावर टाकायचं आणि मग माणसाला आळशी म्हणायचं, हा आपला जुना उद्योग आहे. तलाठी संघटनाही जुन्या लॅपटॉप-प्रिंटरची तक्रार करत आल्यात. (पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय. नाव बदललं, लॅपटॉप बदलायचा असेल तर थांबा.) सातबारा, फेरफार, डिजिटल सही, सगळं त्या एका यंत्रावर. आम्ही त्यांना शिव्या घालतो, ते सर्व्हरला घालतात, आणि हार्डडिस्क आपली कर्र-टक् करत राहते.

सर्व्हर खरंच कधी डाऊन नसतो का? असतो की. पीकविम्याची शेवटची तारीख, जूनमधली दाखल्यांची गर्दी, तेव्हा सगळ्या राज्याचा लोंढा एकाच दारावर येतो आणि दार अडकतं. तेव्हा इथल्या टेबलावर सोन्याचा लॅपटॉप ठेवला तरी उपयोग नाही. म्हणून तर फरक ओळखता आला पाहिजे. तेच पान तुमच्या मोबाईलवर उघडतंय का बघा. उघडत नसेल तर गप घरी या, भाऊसाहेबांशी भांडू नका. उघडत असेल तर नम्रपणे कॅल्क्युलेटरची आठवण करून द्या. नम्रपणे, हं. मोबाईल काढून व्हिडिओ करत 'बघा हे सरकारी लोक' असं करणारे आपल्याकडे बरेच झालेत. त्यानं लॅपटॉपचा वेग वाढल्याचं मी अजून बघितलं नाही.

दुसरा एक मुद्दा काही मित्रांनी आधीच मांडलाय, की जुनं ते किती दिवस ओढायचं, सरळ नवीन द्या. अर्धं पटतं. 14 ऑक्टोबर 2025 पासून मायक्रोसॉफ्टनं विंडोज 10 चा नेहमीचा आधार बंद केला. विंडोज 11 ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो आणि टीपीएम 2.0 लागतं, त्यामुळे 2017 च्या आसपासचे बहुतेक लॅपटॉप त्यात बसत नाहीत. घरगुती वापराला ऑक्टोबर 2026 पर्यंत सुरक्षेचे जादा अपडेट घेता येतात, किंवा लिनक्स टाकून लॅपटॉप आणखी काही वर्षं सुखानं चालवता येतो. केरळच्या सरकारी शाळा तर कित्येक वर्षं मुक्त सॉफ्टवेअरवरच चालल्यात. भाचीला मी सध्या जादा अपडेट लावून दिलेत, पुढच्या वर्षी बघू. पण ज्या सरकारी लॅपटॉपवर लोकांच्या जमिनीच्या नोंदी उघडतात तिथं असला जुगाड नको. तो बदललाच पाहिजे, माझं दुमत नाही.

फक्त नवीन आला की त्याच्या गळ्यात पहिल्या दिवशी कार्ड अडकवा. नाहीतर चार वर्षांनी हीच पोस्ट दुसरा कुणीतरी लिहील. कार्डावर काय हवं? खरेदीचा महिना, वॉरंटी कधी संपते, पंखा कधी साफ केला, चार्जर मूळचा आहे का, चालू व्हायला किती सेकंद लागतात. हा शेवटचा आकडा दर तीन महिन्यांनी लिहायचा. 30 चे 90 झाले की समजायचं काहीतरी बिघडतंय, लोक बाकड्यावर बसायच्या आधीच. आम्ही बेअरिंगचं असंच करतो. आवाज बदलला की बदलून टाकतो, तुटायची वाट बघत नाही. आणि तालुक्याला दोन-चार लॅपटॉप जादाचे ठेवा, एकाचा गेला की दुसरा हातात. कंपनीत याला स्टँडबाय म्हणतात आणि तो नसेल तर मॅनेजरची धडगत नसते.

माणसं कुठून आणायची, हा प्रश्न तर आपल्या भागात कुणी विचारूच नये. ऑक्टोबर 2022 मध्ये केंद्रानं रांजणगावच्या तिसऱ्या टप्प्यात इलेक्ट्रॉनिक्सचा क्लस्टर मंजूर केला, जवळपास 297 एकर, 492 कोटींचा. फ्रीज आपल्या रांजणगावात बनतात. शिरूर तालुक्यातच पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हिंदुस्तान लिव्हरमधला शास्त्रज्ञ माणूस, पण खेड्यात येऊन राहिला, आणि शाळा सुटलेल्या पोरांना वेल्डिंग, वीज, शेती हातानं करून शिकवायला लागला. तिथं नंतर फॅब लॅब उभी राहिली, अमेरिकेतल्या एमआयटीच्या बाहेर उभ्या राहिलेल्या अगदी सुरुवातीच्या लॅबपैकी एक. ज्या तालुक्यात हे घडलं त्या तालुक्यात चार स्क्रू काढून एसएसडी बसवायला माणूस मिळत नाही असं कुणी म्हणत असेल तर मला हसू येईल. आयटीआयची पोरं आहेत. वर्षातून दोनदा त्यांना सोबत घ्या, दिवसाला ठरलेले पैसे द्या (फुकट नको, सेवा-सेवा करून पोरांना राबवायची सवय वाईट), कार्यालयातच, अधिकाऱ्यासमोर काम होऊ द्या. जुनी हार्डडिस्क कार्यालयाच्या कपाटात सीलबंद राहील. डिजिटल सहीचं टोकन साहेबांच्या खिशात राहील, दुरुस्तीला त्याची गरजच नसते. कागद बाहेर जायची भीती मिटली.

ग्रामपंचायतीच्या बाबतीत तर आपल्या हातात थेट काहीतरी आहे. 2016 पासून गावोगावी आपले सरकार सेवा केंद्रं बसली, त्यांच्यापोटी ग्रामपंचायती वित्त आयोगाच्या पैशातून महिन्याला बारा हजारांहून जास्त भरत आल्या. वर्षाला दीड लाखाच्या आसपास. त्यातून आपल्या गावच्या कॉम्प्युटरच्या वाट्याला काय आलं, हा प्रश्न ग्रामसभेत विचारायला कुणाची परवानगी लागत नाही. नमुना 8 आपल्याला सगळ्यांना माहीत असतो, कारण त्यात आपलं घर असतं. एकदा नमुना 16 बघायला मागा. जड वस्तू संग्रहाची नोंदवही. गावानं घेतलेला प्रत्येक कॉम्प्युटर, प्रिंटर, इन्व्हर्टर त्यात असायला हवा. वहीत किती आणि खोलीत किती, खोलीतले चालू किती, एवढं मोजा. रागावून नको, बोटानं मोजा.

आमच्या गावच्या शाळेत मी हे केलं. लोकवर्गणीतून घेतलेले पाच कॉम्प्युटर एका खोलीत कापड टाकून झाकलेले होते, वर खडूचे खोके. मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीकडून लेखी घेतलं, कारण तोंडी परवानगीवर सरकारी वस्तूला हात लावायचा नाही हे मी भाऊसाहेबांकडून शिकलो. दोन रविवार लागले. एकाचा बोर्ड गेलेला होता, तो सुटे भाग म्हणून ठेवला. एकाच्या पॉवर सप्लायमध्ये उंदरानं संसार मांडला होता, तो पुन्हा उठेल असं वाटत नाही. तीन चालू झाले. एसएसडीचे पैसे कंपनीतल्या चार मित्रांनी घातले. तिन्हींवर कार्ड लावलंय. पाचवीतल्या एका पोरानं लगेच विचारलं, "काका, 28 सेकंद का लिहिलंय?" सांगितलं त्याला. आता तो दर सोमवारी घड्याळ लावून बसतो असं गुरुजी म्हणाले.

भाऊसाहेबांचं मात्र अजून तसंच आहे. परवा रस्त्यात भेटले. चौथं पत्र दिलंय म्हणाले. मी त्यांना म्हटलं, पत्रात 'लॅपटॉप हळू चालतो' लिहू नका. 'चालू होण्यास साडेसहा मिनिटे, डिस्क वापर सतत 100 टक्के, एसएसडी आवश्यक, अंदाजे खर्च अमुक' असं लिहा, आणि टास्क मॅनेजरचा फोटो जोडा. वर बसलेल्याला नुसत्या तक्रारीवर काही करता येत नाही. बिघाड कुठं आहे आणि किती पैसे लागतील ते कळलं तर निदान सही तरी करता येते. बघू, करतो कोण ते.

येत्या रविवारी सकाळी दहापासून मी घरीच आहे. ज्या पोरापोरींचे अभ्यासाचे लॅपटॉप हळू आहेत त्यांनी घेऊन या, मजुरी नाही, सामानाचे पैसे ज्याचे त्यानं. मूळ चार्जर सोबत आणा. आणि फोटो, प्रोजेक्ट, जे काही जपायचंय ते आधी पेनड्राईव्हवर काढून आणा, नंतर माझ्या नावानं ओरडू नका.